जुगाड तर झाला, पुढे काय?

एक मोठं बटण घ्या. दोन भोकांतून दोरा ओवा, टोकं बांधा, दोन्ही हातांत धरून पीळ द्या आणि ओढा-सोडा, ओढा-सोडा. बटण गरगर फिरतं, भुंग्यासारखं घुमतं. लहानपणी हा खेळ तुम्ही खेळला असालच. कुणी बटणाचा, कुणी सोड्याच्या बाटलीचं झाकण ठोकून चपटं करून.

आता सांगा, ही भिंगरी मिनिटाला किती फेरे घेत असेल? शंभर? हजार?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात साद भामला यांनी हायस्पीड कॅमेरा लावून ते मोजलं. उत्तर आलं, दहा हजारांहून जास्त!

खेळण्याचे फेरे मोजायचं खूळ कुठून आलं? तर २०१३मध्ये त्यांचे प्रोफेसर मनू प्रकाश युगांडात गेले होते. मेरठला जन्मलेले, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले प्रकाश तिथली आरोग्य केंद्रं बघत होते. एका ठिकाणी सेंट्रिफ्यूज दिसलं, पण ते दार बंद होऊ नये म्हणून अडसर म्हणून लावलेलं! कारण साधं होतं. वीजच नाही, तर मशीन चालणार कसं?

सेंट्रिफ्यूज म्हणजे रक्ताचा नमुना प्रचंड वेगाने फिरवणारं यंत्र. त्या वेगामुळे जड रक्तपेशी एका टोकाला जातात आणि प्लाझ्मा वेगळा होतो. मलेरिया, अ‍ॅनिमियासारख्या आजारांच्या तपासणीत ही पायरी फार कामाची. गडचिरोलीच्या जंगलात फिरून मलेरियाचे रुग्ण शोधणाऱ्या आरोग्यसेवकांना विचारा, विजेशिवाय चालणाऱ्या साधनाची किंमत काय असते ते.

प्रकाश आणि भामला यांनी आधी भोवरे, यो-यो असं बरंच काही फिरवून पाहिलं आणि मग ते या भिंगरीवर आले. त्यातून तयार झालं ‘पेपरफ्यूज’: कागदाची चकती, दोरा, धरायला दोन दांड्या आणि चकतीवर रक्ताची बारीक नळी. वजन २ ग्रॅम. खर्च २० सेंट, म्हणजे तेव्हाचे १३-१४ रुपये. वेग मिनिटाला १ लाख २५ हजार फेऱ्यांपर्यंत! दीड मिनिटाच्या आत प्लाझ्मा वेगळा. जानेवारी २०१७मध्ये ‘नेचर बायोमेडिकल इंजिनीअरिंग’ या जर्नलमध्ये हे संशोधन छापून आलं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? असले जुगाड आपल्याकडे गल्लोगल्ली होतात.

होतात ना! पण आपला जुगाड ‘चाललं की झालं’ इथे थांबतो. या टीमचं खरं काम तिथून पुढे सुरू झालं. दोऱ्याला पीळ बसतो, मग त्या पिळालाच पुन्हा पीळ बसतो. त्यात साठलेली ऊर्जा चकतीला वेग देते. चकती किती मोठी हवी? दोरा किती जाड, किती लांब हवा? त्यांनी या सगळ्याची समीकरणं मांडली आणि त्यातून डिझाइन ठरवलं. दहा हजारांवरून सव्वा लाखावर उडी मारली ती नशिबाने नव्हे, गणिताने.

भामला पुढे जॉर्जिया टेक विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या टीमची नजर पडली ती स्वयंपाकघरातल्या लायटरवर. ‘टिक’ केलं की आत एक छोटा हातोडा स्फटिकावर आपटतो आणि ठिणगी उडते. बॅटरी नाही, वायर नाही. पण तेवढ्यात हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. पेशींच्या आत डीएनए सोडायला प्रयोगशाळेत असाच क्षणिक झटका देतात. त्याने पेशीच्या आवरणाला क्षणभर सूक्ष्म छिद्रं पडतात. त्यासाठीचं मशीन हजारो डॉलरचं. या टीमचा ‘इलेक्ट्रोपेन’ २३ सेंटचा. बटण कुणीही दाबलं तरी आतली स्प्रिंग ठोका साधारण तेवढ्याच जोराने मारते, म्हणून झटका भरवशाचा. २०२०मध्ये त्यावरचा पेपर आला आणि त्या कामात शाळकरी मुलंही होती.

यातलं काहीही जादू नाही, हेही लक्षात घ्या. पेपरफ्यूज रक्त वेगळं करतं, आजाराचं निदान नाही. त्याला पुढे मायक्रोस्कोप लागतो, शिकलेली नजर लागते. प्रयोगशाळेत चाललेली वस्तू गावोगावच्या दवाखान्यात रुळायला वेळ लागतोच.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. फायनल इयर जवळ आलं की रेडिमेड प्रोजेक्टचं मार्केट तेजीत येतं. पैसे मोजा, सर्किट आणि रिपोर्ट घेऊन या, व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करा. मार्क मिळतात. पण ‘हे असंच का चालतं?’ हा प्रश्न वर्षभरात एकदाही डोक्यात येत नाही. नुकसान होतं ते तिथे.

साधनं नाहीत, ही सबब आता फार टिकत नाही. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. त्यांची कृती आणि पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत. खिशातल्या फोनमध्ये सेन्सर आहेत. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे फुकट अ‍ॅप त्यांच्यावर चक्क फिजिक्सचे प्रयोग करू देतं.

मग या रविवारी पुठ्ठ्याची भिंगरी करा आणि वेग मोजा. फोनचा स्लो मोशन कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेम टिपत असेल आणि भिंगरी मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला दीड फ्रेमसुद्धा मिळत नाही. म्हणजे नुसत्या व्हिडिओवरून फेरे मोजता येणार नाहीत. मग काय कराल? चकतीला एक खाच पाडून आवाजाची फ्रिक्वेन्सी मोजाल? की आणखी काही सुचतंय?

विचार करा. खरा प्रोजेक्ट इथूनच सुरू होतो.