घरकुल आणि शिष्यवृत्ती

रोहिणखेडचे नाव इतिहासात येते ते लढायांमुळे. १४३७ मध्ये बहामनी सैन्याने खानदेशच्या नासिरखानाचा येथे पराभव केला, आणि १५९० च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी झालेल्या झगड्याचा निकालही याच शिवारात लागला. मोताळा तालुक्यातील या गावात आज जी झुंज चालते ती एका साध्या अर्जाची असते. मुलगी बारावी होते, पुढे मलकापूरला किंवा बुलढाण्याला शिकावे अशी तिची इच्छा असते, आणि बाप म्हणतो, "सरकारनं घर देलं, आता आखीन कोन्त्या तोंडानं मांगू?" कामगार संघटनेच्या कामात आम्ही हे वाक्य अनेक ओट्यांवर ऐकले आहे. ते लाजेपोटी येते, तसेच गैरसमजापोटीही येते. लाज घालविणे कठीण असते. गैरसमज मात्र समजावून सांगितला तर जातो. म्हणून हा लेख.

प्रथम हा गैरसमज आला कोठून ते पाहू. घरकुलाच्या योजनांमध्ये एक कडक नियम आहे. ज्या कुटुंबाला पक्के घर आहे, त्याला पुन्हा घर मिळत नाही. १९८५ साली इंदिरा आवास योजना निघाली आणि २०१६ साली तिचे रूपांतर प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेत झाले, तरी हा नियम राहिला, आणि तो योग्यच आहे. परंतु लोकांच्या बोलण्यात त्याचा अर्थ पसरत गेला. 'एका कुटुंबाला एकच घर' याचे 'एका कुटुंबाला एकच योजना' असे झाले. असा नियम नाही. घर हे कुटुंबाच्या निवाऱ्यासाठी आहे आणि शिष्यवृत्ती ही विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी आहे. शिष्यवृत्तीचा नियम जात-प्रवर्ग, उत्पन्न, अभ्यासक्रम, गुण आणि हजेरी यांविषयी विचारतो. डोक्यावरचे छप्पर कोणाच्या पैशाने पडले, हे तो विचारीत नाही.

दुसरा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. दहावीनंतरच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत अशी अट आहे की, ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच शिक्षणासाठी दुसरी शिष्यवृत्ती घेऊ नये. दोन मिळत असल्यास एक निवडावी. ही अट खरी आहे व ती पाळलीच पाहिजे. पण ती दोन शिष्यवृत्त्यांमधली आहे. घरकुल ही शिष्यवृत्ती नव्हे, तेव्हा या अटीशी त्याचा संबंध पोहोचत नाही.

तिसरा घोटाळा बेरजेचा, आणि सर्वांत अधिक नुकसान करणारा. एक उदाहरण घेऊ. समजा, बाप ४०० रुपये रोजाने वर्षात २०० दिवस कामाला जातो. त्याचे ८०,००० रुपये झाले. आई २५० रुपये रोजाने १६० दिवस निंदण-वेचणी करते. तिचे ४०,००० झाले. घरच्या एकरभर कोरडवाहू कपाशीतून खर्च वजा जाता १५,००० सुटले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,३५,००० रुपये. अनुसूचित जाती व जमातींच्या शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, म्हणजे हे कुटुंब त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. आता त्याच वर्षी घरकुलाचे हप्ते खात्यात जमा झाले. २०१६ साली मैदानी भागासाठी ही रक्कम १,२०,००० रुपये ठरली होती. एखाद्याने पासबुकातला आकडा पाहून ती रक्कमही उत्पन्नात धरली, की बेरीज २,५५,००० होते आणि मुलगी पाच हजारांनी बाहेर पडते! वास्तविक ते पैसे विटा, सिमेंट, सळई आणि गवंडी यांत गेलेले असतात. ती कमाई नव्हे. एकदाच मिळालेले, एकाच कामासाठी बांधलेले ते साहाय्य आहे. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीच्या २०१० च्या केंद्रीय नियमावलीत तर नोकरदार पालकाला मिळणारा घरभाडे भत्ता, प्राप्तिकरातून तो सुटत असल्यास, उत्पन्नात धरू नये असे स्पष्ट म्हटले होते. पगारदाराच्या घरभाड्याला जो न्याय, तोच मजुराच्या घरकुलाला लागला पाहिजे, हे कोणीही मान्य करील.

म्हणून तलाठ्याकडे व तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जाताना रोजगार, शेती आणि जोडधंदा यांचा आकडा वेगवेगळा लिहून न्यावा. घरकुलाची मंजुरी व हप्त्यांची नोंद वेगळ्या कागदावर ठेवावी. कोणी विचारले तर ती दाखवावी, लपवू नये. आणि उत्पन्न खरे तेच सांगावे. खोटा आकडा घालून मिळविलेला हक्क पुढच्या तपासणीला टिकत नाही आणि शेजारच्या खऱ्या गरजूलाही संशयात पाडतो.

नावांचा प्रश्न याच ठिकाणी येतो. घरकुल पुष्कळदा आईच्या किंवा आजीच्या नावे असते, उत्पन्नाचा दाखला बापाच्या नावे निघतो आणि बँकेचे खाते मुलीचे असते. यात गैर काहीच नाही. फक्त शिधापत्रिकेवर ही सारी नावे एकत्र असली पाहिजेत आणि त्यांची अक्षरे आधार पत्राशी जुळली पाहिजेत. घराचा उतारा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि शेतजमिनीच्या खात्याचा उतारा म्हणजे तलाठ्याचा ८-अ. हे दोन कागद लोक नेहमी एकमेकांच्या जागी आणतात, आणि एक दिवसाची मजुरी फुकट जाते.

आता कोणत्या दारावर जावयाचे ते पाहू. राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात आणि विद्यार्थ्याचा पैसा त्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग यांच्या योजना वेगवेगळ्या आहेत. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना असून तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांची जी मुले व्यावसायिक शिक्षण घेतात, त्यांच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तिची रक्कम वर्षाला ४३,००० रुपये ठरविलेली आहे. तिची एक अट अशी की, विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तेथील रहिवासी नसावा. म्हणजे बुलढाण्यात शिकणाऱ्या मुलीचे रोहिणखेडचे घरकुल तिच्या आड येत नाही. ती बाहेरगावची आहे, याचा तो पुरावाच होतो.

गवंडी, सेंट्रिंगवाले आणि त्यांच्या हाताखालचे मजूर यांच्यासाठी आणखी एक दार आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला गेला आणि त्यातून बांधकाम कामगारांची कल्याणकारी मंडळे उभी राहिली. महाराष्ट्राच्या मंडळाच्या योजनेत, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन नोंदणी केलेल्या कामगाराच्या दोन अपत्यांना पहिली ते सातवी २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,०००, अकरावी-बारावीला १०,००० आणि पदवीला २०,००० रुपये वार्षिक साहाय्य ठेवलेले आहे. जो माणूस दुसऱ्यांची घरकुले बांधतो, त्याच्याच घरात या नोंदणीची वार्ता नसावी, याला काय म्हणावे?

अर्ज अडला तर काय करावे? तोंडी नकार घेऊन परत फिरू नये. उत्पन्न, जात, अधिवास यांचे दाखले २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. अर्जाची पोच मागावी. ठरलेल्या मुदतीत दाखला द्यावा लागतो, नाहीतर नकाराचे कारण लेखी द्यावे लागते, आणि त्यावर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो: लेखी कारण मागितले की पुष्कळ कारणे आपोआप नाहीशी होतात.

राहिला प्रश्न लाजेचा. आपल्याच महाराष्ट्रातले एक घर आठवावे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधार ट्रस्ट निघाला आणि त्याने कामकरी लोकांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड १९१२ ते १९३४ या काळात होते. सार्वजनिक संस्थेने बांधलेल्या खोल्यांचा हा भाडेकरू १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेला. घरही सार्वजनिक आणि शिक्षणाचे साहाय्यही सार्वजनिक! यात त्यांना कमीपणा वाटला नाही. उलट, व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना १९४२ साली त्यांनी दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारकडे लेखी मागणी केली, आणि १९४४ पासून दहावीपुढच्या शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. आज जो अर्ज आपल्या मुलीच्या हाती आहे तो त्याच योजनेचा वारसा आहे. तो भरणे म्हणजे हात पसरणे नव्हे. जे मागून, भांडून मिळविलेले आहे ते वापरणे होय.

हे सांगण्याचा काळ हाच आहे. निकाल लागेपर्यंत थांबले तर दाखल्यांच्या रांगेत प्रवेशाची मुदत निघून जाते. उत्पन्नाचा चालू दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले खाते आणि नावांची दुरुस्ती ही चार कामे उन्हाळ्यातच उरकावीत. व्याख्यानाला येणाऱ्या आपणां शिकलेल्या नगरवासीयांकडेही आमचे एक मागणे आहे. जून-जुलैत दर रविवारी दोन तास आपापल्या वाचनालयात बसावे, आणि मोताळ्याच्या, रोहिणखेडच्या खेडुताचा अर्ज त्याच्या समोर, त्याला वाचून दाखवीत भरून द्यावा. भरलेल्या अर्जाचा क्रमांक त्याच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहून द्यावा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तो लागतो.