संगणक अभियांत्रिकी : पदवी, नोकरी आणि काम

नकाशात विश्रांतवाडीला कोणी आयटीची वस्ती म्हणणार नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिघीवरून इथे येते आणि पुढे पुण्यात शिरते, ही या भागाची जुनी ओळख. नंतरची ओळख सरकारी आणि लष्करी. एका अंगाला खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना, दुसऱ्या अंगाला कळस-दिघीची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा. या नोकऱ्यांवर उभ्या राहिलेल्या घरांतली पुढची पिढी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत येरवडा आणि खराडीच्या आयटी संकुलांकडे वळली. मी इथेच राहतो. सीईटीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : मुलाला कॉम्प्युटरला घालावे का? पूर्वी 'कोणते कॉलेज?' एवढेच विचारले जाई. आता शाखेबद्दलच शंका आहे, आणि ती अनाठायी नाही.

गोंधळ होतो तो पदवी, नोकरी आणि काम या तीन गोष्टी आपण एकच समजतो म्हणून. त्या एक झाल्या याला इतिहास आहे. १९८१ मध्ये इन्फोसिसची स्थापना पुण्यात झाली आणि त्याच वर्षी टाटांचे संशोधन केंद्रही इथे सुरू झाले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ मध्ये, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. १९८८ मध्ये सी-डॅक आले, १९९० मध्ये पर्सिस्टंट. एकीकडे पदवीधर तयार करणारी महाविद्यालये वाढली, दुसरीकडे त्यांना घेणाऱ्या कंपन्या. पुढे २००० सालच्या 'वायटूके' दुरुस्त्यांनी परदेशी कामाचा ओघ आणला. पदवी म्हणजे नोकरी, हे समीकरण या योगायोगातून जुळले. तो निसर्गनियम नव्हता.

आता नोकरीकडे पाहू. आपल्या मोठ्या सेवा कंपन्यांची रचना पिरॅमिडसारखी आहे. तळाशी हजारो नवखे, मधे काही अनुभवी, वर मूठभर जाणकार. परदेशी ग्राहकाला बिल लावले जाते ते बहुधा माणसे आणि तास मोजून. उत्पन्न वाढवायचे तर माणसे वाढवायची, असा हा हिशेब. तळ स्वस्त असेल तरच तो फायद्याचा, म्हणून तळाचा पगार थोपवून धरला गेला. २०१२च्या सुमारास नवख्याला वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळत. आजही मोठ्या भरतीतला आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच आहे. या काळात ग्राहक किंमत निर्देशांक, २०१२ साली १०० धरला तर, २०२४ अखेर १९०च्या वर गेला. म्हणजे तळाचा खरा पगार जवळजवळ निम्म्यावर आला, आणि तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधीपासून घसरत होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. नवख्याला दिले जाणारे काम, म्हणजे ठरावीक साच्याचा कोड, चाचण्या, किरकोळ दुरुस्त्या, नेमके तेच ही साधने पटकन करतात. ग्राहकही विचारू लागला, तुम्ही एवढे तास कशाचे लावता? पिरॅमिडचा तळ असा दोन्ही बाजूंनी अरुंद होतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक लोक कमी करण्याचे जाहीर केले. ही कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली होती. अनुभव आहे पण तो एकाच जुन्या कामाचा, अशी माणसेही सुरक्षित नाहीत, हा त्यातला बोध. अमेरिकेतल्या वेतननोंदींवरून स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवले की, २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर विकसकांची संख्या २०२२च्या अखेरच्या शिखरापासून सुमारे २० टक्क्यांनी घटली. मोठ्या वयाच्या विकसकांत अशी घट नव्हती.

मग कामच संपले का? इथे फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन अभियंत्याने १९८६ मध्ये केलेला भेद उपयोगी पडतो. सॉफ्टवेअरमधली एक अडचण अवजारांची असते : भाषा, वाक्यरचना, टंकन. दुसरी विषयाची असते : बँकेचे व्याज, रुग्णालयाची नोंद, रेल्वेचे आरक्षण नेमके कसे चालावे हे ठरवणे. पहिली अडचण अवजारे सुधारली की कमी होते. दुसरी तिथेच राहते. फोरट्रान (१९५७) आणि कोबोल (१९५९) यांनी पहिली अडचण कितीतरी हलकी केली, आणि प्रोग्रामर कमी होण्याऐवजी वाढले. यावेळचे अवजार अधिक बलवान आहे, त्यामुळे तसेच पुन्हा घडेल अशी खात्री मी देणार नाही. पण २०२५ मधला एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'मीटर' या संस्थेने १६ अनुभवी विकसकांना त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ कामे दिली. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरलेल्या कामांना १९ टक्के वेळ जास्त लागला. विकसकांना मात्र आपण २० टक्के वेगवान झालो असे वाटत होते. कोड लवकर आला तरी तो तपासणे, जुन्या व्यवस्थेत बसवणे आणि त्याची जबाबदारी घेणे यात वेळ गेला. ते काम माणसाचेच राहिले.

खरी अडचण शिकण्याची आहे. तपासण्याची नजर कशी येते? स्वतः चुका करून, वरिष्ठांनी त्या दाखवल्यावर. हे शिक्षण आजवर पिरॅमिडच्या तळाशी, कंपनीच्या पगारावर होई. तळ अरुंद झाला तर ते कोण देणार? महाविद्यालयांनी ते अंगावर घेतले पाहिजे, आणि बहुसंख्य महाविद्यालये आजही छापील प्रयोगवह्या उतरवून घेतात. दहा वर्षांनी जाणकार कुठून आणायचे, हा प्रश्न कंपन्यांनाही चुकणार नाही.

घराचा हिशेबही मांडू. वर्षाला दीड लाख फी धरली तर चार वर्षांचे सहा लाख. तेवढे कर्ज दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे दहा हजारांचा हप्ता. शिकतानाचे व्याज वेगळेच. ३.३६ लाखांच्या पॅकेजचे महिन्याला २८ हजार होतात आणि भविष्य निर्वाह निधी वगैरे वजा जाता हातात त्याहून कमी येतात. निम्म्याच्या जवळपास पगार हप्त्यात जाईल, तोही नोकरी लगेच मिळाली तर.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सरसकट होय किंवा नाही म्हणत नाही. बंद पडलेली वस्तू उघडून दोष सापडेपर्यंत जी मुलगी उठत नाही, तिने ही शाखा जरूर घ्यावी. तिने सोबत हिशेब, शेती, यंत्रे, आरोग्य यांपैकी एखादा विषय नीट शिकावा, कारण दुसऱ्या प्रकारची अडचण तिथे राहते. परदेशी कंपन्यांनी भारतात थाटलेली स्वतःची केंद्रे आता १,७०० हून अधिक आहेत, आणि त्यांनाही अशा जोडज्ञानाची गरज असते. ज्याला केवळ 'सेफ' म्हणून ही शाखा घ्यायची आहे, त्याने मात्र सर्वांत कमी पगारावर फिटेल एवढेच कर्ज काढावे. ते जमत नसेल तर डिप्लोमा किंवा दुसरी शाखा पाहावी.

राहिला कायमपणा. आमच्या भागातल्या आई-वडिलांच्या मनात 'चांगली नोकरी' म्हणजे कारखान्याची, निवृत्तीपर्यंतची. पण १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळच विसर्जित झाले आणि खडकीचा कारखाना 'म्युनिशन्स इंडिया' या कंपनीत गेला. दीडशे वर्षांच्या कारखान्याची पाटी बदलू शकते, तर चाळीस वर्षांच्या धंद्याकडून कायमपणाची हमी मागणे व्यर्थ आहे. मुलांना शाखा निवडून देताना ही एक अपेक्षा आपण वगळली, तर उरलेला निर्णय बराच सोपा होतो.