घरच्या रेडिओतला ‘सूंऽऽ’ कसा घालवायचा?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय हेडफोनवाल्यांच्याच जिव्हाळ्याचा आहे: स्वतः जोडलेल्या हॅम रेडिओतला नको तो आवाज.

आपल्याकडे घरी बनवलेला ट्रान्सिव्हर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बिटएक्स येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांचं हे डिझाईन. स्वस्त, बाजारात सहज मिळणाऱ्या पार्ट्सचं. रेडिओ लागतो, बोलणं होतं, पण स्पीकरमध्ये सतत सूंऽऽ. मग ४० मीटर बँडवर एखादं लांबचं, बारीक स्टेशन आपला कॉलसाईन सांगत असतं आणि शेवटची दोन अक्षरं त्या सूंऽऽमध्ये गडप होतात. तीच तर हवी असतात ना!

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी चोर कुठे आहे ते शोधा. अँटेना काढा. आवाज एकदम पडला, तर तो बाहेरून येतोय: शेजारचा एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, पावसाळ्यातली कडकड. त्यावर रेडिओ उघडून उपयोग नाही. अँटेना काढूनही आवाज तसाच असेल, तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. आता सूंऽऽ गेला, तर तो व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातला. तरीही राहिला, तर चोर म्हणजे शेवटची चिप, एलएम३८६.

ही चिप बिचारी वाईट नाही, पण बऱ्याच सर्किट्समध्ये तिला उगाच जोरात पळवलेलं असतं. १ आणि ८ नंबरच्या पिनांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर गेन २०० होतो. काहीच नसेल तर २०. मधला रस्ता असा: त्या कपॅसिटरच्या सिरीजमध्ये १.२ किलोओहमचा रेझिस्टर टाका, गेन ५०. आवाज थोडा कमी होईल, पण चिपचा स्वतःचा सूंऽऽही खाली येईल. हेडफोनला ५० पुष्कळ झाला.

व्हॉल्यूमच्या आधीचा सूंऽऽ वेगळा. क्रिस्टल फिल्टर लागतो तो आधी. त्याच्यापुढचे ट्रान्झिस्टर स्वतःचा जो आवाज मिसळतात, त्याला अडवायला कुणीच नसतं. बोलणं साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये मावतं, वरचं सगळं फुकटचं. म्हणून प्रीअँप आणि व्हॉल्यूम पॉटच्या मध्ये १ किलोओहम सिरीजमध्ये, आणि पॉटच्या बाजूने ग्राउंडला ०.०४७ मायक्रोफॅरड. दुकानात ‘४७३’ लिहिलेला सिरॅमिक मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. या दोघांचं गणित सुमारे ३४०० हर्ट्झचं, पण आधीच्या स्टेजचा रेझिस्टन्सही त्यात मिळतो. आवाज घोंगडीतून आल्यासारखा वाटला तर ‘२२३’ लावून बघा.

आणि घूंऽऽ? तो सूंऽऽचा भाऊ नाही, वेगळीच जात. आपली वीज ५० हर्ट्झची. पॉवर सप्लायमध्ये ती डीसी होताना १०० हर्ट्झची लाट मागे राहते. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा (वायरमध्ये फ्यूज हवाच). घूंऽऽ गेला, तर दोष सप्लायचा. प्रीअँपच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये १०० ओहम आणि त्याच्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावा. एलएम३८६ची ७ नंबरची पिन मोकळी असेल, तर तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. पॉझिटिव्ह टोक पिनकडे. हा सगळ्यात स्वस्त इलाज आणि माझ्या मते पहिला करण्यासारखा. चिपचा पूर्ण नंबरही वाचून घ्या: ‘एन-१’ला १२ व्होल्टच सांगितलेत, ‘एन-४’ १८पर्यंत चालते. १३.८च्या सप्लायवर हा फरक महाग पडतो.

डिस्प्ले लावल्यावर टिकटिक येत असेल, तर त्या बोर्डाची ग्राउंड वायर ऑडिओच्या ग्राउंडला न जोडता थेट सप्लायपर्यंत न्या.

फरक कानावर सोडू नका. मोबाईलमध्ये ऑडिओ स्पेक्ट्रम दाखवणारं फुकट ॲप टाका, फोन स्पीकरपासून त्याच अंतरावर ठेवा, आणि प्रत्येक बदलाआधी आणि नंतर स्क्रीनशॉट घ्या. १००ची काडी बसली की लगेच दिसते. ऐकायला एवढं पुरे. माईकचं बटण दाबायचं तर मात्र आधी परवाना हातात पाहिजे.