वनरक्षकाचें बदललेलें काम

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत बिबट्यानें माणसावर हल्ला केला कीं पहिली मागणी पिंजऱ्याची होते, आणि ती ऐकून घ्यावी लागते वनखात्याच्या अगदीं खालच्या चाकराला, म्हणजे वनरक्षकाला. ज्याच्या घरचें मूल गेलें त्यानें पिंजरा मागावा हें स्वाभाविकच आहे. त्याला आम्ही बोल लावणार नाहीं. आमचा प्रश्न खात्याला आहे. ह्या वनरक्षकाला आपण कोणत्या कामासाठीं नेमलें, आणि आज त्याच्याकडून कोणतें काम घेत आहां?

झाडतोड, वणवा व चोरटी शिकार रोखणें हें त्याचें मूळचें काम. त्याचें क्षेत्र म्हणजे रान. परंतु कुकडी प्रकल्पांतील येडगांव, माणिकडोह, डिंभे आदि धरणांचें पाणी शिवारांत पोंचलें, ऊस वाढला, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या त्या दाट पिकांत बिबट्याची मादी विऊं लागली. वनरक्षकाचें कामही तिच्यामागून मळ्यांत आलें. झाडांची राखण करण्यास नेमलेल्या माणसाला आतां अपरात्रीं संतप्त जमावाला तोंड द्यावें लागतें, आणि तें कसें द्यावें हें त्याला बहुधा स्वतःच शिकावें लागतें.

वरून हुकूम सुटला म्हणजे काम सुधारलें, ही समजूत याच भागांत एकदां फार महाग पडली आहे. १९९३ ते २००१ या काळांत जुन्नर भागांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पुढें वस्तीजवळचे बिबटे पकडून लगतच्या वनांत सोडण्याची मोहीम निघाली, आणि २००१ ते २००३ या काळांत ती सरासरी १७ वर गेली. जीवघेण्या हल्ल्यांचें प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर चढलें. विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें संशोधन २०११ सालीं प्रसिद्ध केलें. पिंजरे लावणाऱ्यांनीं कामांत कसूर केली होती काय? मुळींच नाहीं. त्यांनीं सांगितलें तें केलें. किती बिबटे पकडले याची मोजदाद होई. किती माणसें वांचलीं हें त्या हिशेबांत कोठेंच बसत नव्हतें.

शिकविल्यास हींच माणसें काय करूं शकतात हें ऊसतोडीच्या दिवसांत दिसतें. फडांत पिल्लें सांपडलीं तर तीं उचलून न नेतां वनरक्षक तेथेंच क्रेटमध्यें ठेवतात, गर्दी दूर सारतात आणि रात्रीं मादी येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत वाट पाहतात. यांत बंदुकीपेक्षां धीर अधिक लागतो.

आतां बदल्यांचें पहा. २००५ च्या कायद्यान्वयें अधिकाऱ्याची एका जागेवरील मुदत सामान्यतः ३ वर्षांची. साहेबांना शिवाराची ओळख पटते न पटते तोंच ते जातात, आणि नव्या साहेबांना पहिला धडा पुनः वनरक्षकच देतो! त्याची माहिती, म्हणजे कोणत्या ओढ्यानें जनावर येतें, कोणत्या वस्तीवर शेळ्या उघड्यावर बांधतात, ही दफ्तरांत नोंदली जात नसेल तर ती त्याच्याबरोबरच निवृत्त होणार. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत २०११ पासून वनखात्याबरोबर पोलिसांनाही गर्दी आवरण्याचें शिक्षण देण्याचा उपक्रम झाला. जुन्नर, नारायणगांव व मंचर येथील पोलिसांना व वनरक्षकांना तें एकत्र कां देऊं नये? आणि नारायणगांवच्या व मंचरच्या व्यापाऱ्यांनीं, ज्यांचा माल याच मळ्यांतून येतो, ही मागणी पिंजऱ्याच्या मागणीइतक्याच मोठ्यानें कां करूं नये?