शाहीर साबळे: डफ, भारूड आणि बतावणी

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यातील पसरणी (ता. वाई) येथे झाला. शिक्षणासाठी ते आजोळी अमळनेरला गेले. तिथे साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळा मात्र सातवीपाशी सुटली. स्वातंत्र्यलढा आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, दोन्हींत त्यांचा डफ वाजला. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ त्यांच्याच आवाजात घरोघरी पोचले आणि २०२३ मध्ये राज्यगीत झाले.

या एका गीतामुळे त्यांच्यातला विनोदवीर झाकला गेला, हे खरे. तमाशात गण, गवळण झाली की बतावणी येते: गाणे थांबते, सोंगाड्या बोलू लागतो आणि चालू काळातले काहीही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. साबळ्यांनी हीच मोकळीक मुक्तनाट्यात आणली. ‘यमराज्यात एक रात्र’ गाजले. ‘आंधळं दळतंय’ने मुंबईतल्या मराठी माणसाची परवड हसवत हसवत मांडली, राजा मयेकरांसारखा नट सोबत असल्याने त्यातले सवाल-जबाब रंगत.

गाणे आणि विनोद त्यांच्याकडे वेगळे नव्हते. एकनाथांचे ‘विंचू चावला’ हे भारूड ऐकावे. रूपक गंभीर आहे: विंचू म्हणजे काम-क्रोध. पण साबळे आधी वेदनाच उभी करतात. स्वर मध्येच किंकाळीकडे झुकतो, शब्द ठेचकाळतात, ठेका चढत जातो, झीलकरी मागून रेटा देतात. प्रेक्षक विव्हळणाऱ्याला हसू लागतो. अर्थ उलगडतो तेव्हा त्याच्या ध्यानात येते की विंचू आपल्यालाच चावलेला आहे. इथे एक सूर जरी केवळ गोड लागला असता, तरी भारूड पडले असते. कसलेल्या गळ्याने जाणूनबुजून ओबडधोबड गाणे, ही या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट.

वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळी यांच्या कला त्यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमात एकत्र आणल्या. भरत जाधव, अंकुश चौधरी, नातू केदार शिंदे याच तालमीत घडले. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘माझा पवाडा’ हे त्यांचे आत्मचरित्र. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.