एक जिल्हा, तीन उतार

६१,०७,१८७. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या एवढी भरली. पुढची मोजणी २०२१ मध्ये व्हायची होती, ती झाली नाही. त्यामुळे पंधरा तालुक्यांबद्दल काहीही बोलायचं तर अजून याच आकड्यांना धरून बोलावं लागतं. यातले १५,६४,३६९ लोक अनुसूचित जमातींचे, म्हणजे २५.६ टक्के. त्या वर्षी राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात, तेव्हाच्या अखंड ठाण्यातसुद्धा, आदिवासींची संख्या एवढी नव्हती. द्राक्षं, कांदा आणि सिंहस्थ यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाशिकची ही ओळख जिल्ह्याबाहेर फारशी पोचलेलीच नाही.

मात्र २५.६ टक्के हा आकडा घेऊन जिल्ह्यात फिरलं, तर ना सुरगाणा समजतो ना येवला. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत आदिवासींचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. येवला-सिन्नरकडे ते खूप खाली येतं. लोकसंख्येच्या घनतेचंही तसंच. चौरस किलोमीटरला ३९३ माणसं ही जिल्ह्याची सरासरी, पण नाशिक शहर (१४.८६ लाख) आणि मालेगाव शहर (४.८१ लाख) या दोन ठिकाणीच जिल्ह्यातली जवळपास एक तृतीयांश माणसं राहतात. उरलेल्या मुलखात गावं आहेत आणि पश्चिमेला तर गावांपेक्षा पाडेच जास्त.

हा जिल्हा समजून घ्यायचा तर पाणी कुठल्या बाजूला उतरतं ते आधी पाहावं, असं मला वाटतं. सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण जाते आणि तिच्यातून सातमाळ्याची रांग पूर्वेला फुटते. सप्तशृंगी, चांदवड, अंकाई ही तिच्यावरची ठिकाणं. या दोन रांगांनी जिल्ह्याचे तीन उतार केले आहेत. सातमाळ्याच्या दक्षिणेचं पाणी गोदावरीला मिळतं आणि ब्रह्मगिरीपासून १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरात जातं. उत्तरेचं पाणी गिरणा आणि मोसम गोळा करतात, ते तापीतून सुरतेकडे जातं. सह्याद्रीच्या पश्चिमेला पडणारं पाणी नार, पार, दमणगंगा या नद्यांतून थेट गुजरातच्या दिशेने उतरतं, तर वैतरणेचं मुंबईकडे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटरवर मालेगाव. तिथे पाचशेच्या आसपास.

एवढ्या पावसावरून कुणालाही वाटेल की पश्चिमेची चिंता मिटली. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भरपूर पावसाच्या तालुक्यांतल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. कारण सरळ आहे. उतार तीव्र, माती पातळ आणि खाली काळा पाषाण. पाणी अडायला जागा नाही, मुरायला तर त्याहून नाही. जिथे साठवण झाली, तिथलं पाणी बहुतेक दुसऱ्यांसाठी. वैतरणेवरचा अप्पर वैतरणा जलाशय मुंबईला पाणी पुरवतो. नार-पारचं पाणी गिरणेच्या खोऱ्यात वळवायच्या ७,०१५ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. गिरणेकाठच्या शेतकऱ्याची गरज खरीच आहे. तरीही ज्या डोंगरावर हे पाणी पडतं, तिथल्या पाड्याला त्यातलं किती मिळणार, हा प्रश्न प्रकल्पाच्या खर्चाइतकाच मोठ्याने विचारायला हवा. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली. रस्ता, पाणी, दवाखाना यांच्या अभावातून ती आली होती.

माणसांची ये-जा मात्र पाण्याच्या उलट दिशेने होते. भात, नागली, वरईचा हंगाम संपला की सुरगाणा-पेठची कुटुंबं घाट चढून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येतात. गोडी छाटणीपासून मालाच्या काढणीपर्यंतची कितीतरी कामं या टोळ्यांच्या हातून होतात. निर्यातीचे आकडे दरवर्षी छापून येतात. त्यामागच्या या हातांचा आकडा मात्र कुठे दिसत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये याच पट्ट्यातले आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती.

भाषाही बऱ्याच अंशी या उतारांनुसारच बदलते. सातमाळ्याच्या उत्तरेला कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा कसमादे पट्टा अहिराणीचा. त्याचं मूळ इतिहासातही आहे: १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण हे भाग खानदेशातून आले आणि बाकीचा बराचसा मुलूख अहमदनगरमधून. मालेगाव शहरात यंत्रमागांच्या खडखडाटात उर्दू ऐकू येते. घाटाखाली कोकणा, वारली, भिल्ल यांच्या बोली, त्यांचे नातेवाईक पलीकडे गुजरातच्या डांग जिल्ह्यात. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, सोयरिकी तशाच राहिल्या.

आता एका आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. जनगणनेत अहिराणी 'खानदेशी' या गटात मोडते. देशात खानदेशी बोलणारे २००१ मध्ये २०,७५,२५८ होते. २०११ मध्ये ते १८,६०,२३६ भरले. त्याच दशकात देशाची लोकसंख्या साडेसतरा टक्क्यांहून अधिक वाढली आणि नाशिक जिल्ह्याची बावीस टक्क्यांनी. खानदेश आणि कसमादेतली माणसं काही दहा टक्क्यांनी घटली नाहीत. माझ्या मते घटली ती नोंद. ज्या बोलीत घरचा सगळा व्यवहार चालतो, तिचं नाव सरकारी माणसासमोर घ्यायचा संकोच वाटतो. शाळेत तिला वर्षानुवर्षं अशुद्ध म्हटलं गेलं, त्याचा हा परिणाम. भाषेचा आकडा खाली आला, की त्या भाषेतल्या पुस्तकांची, पहिलीच्या वर्गातल्या शिक्षकांची, आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणाची मागणीही लंगडी पडते.

येत्या जनगणनेची लोकसंख्या-मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. मातृभाषेच्या प्रश्नाचे दोन नियम कसमादेत आणि सुरगाण्यात घरोघर माहीत असावेत. एक, सांगणारा जे नाव सांगेल तेच लिहायचं. ती भाषा की बोली, हे ठरवणं प्रगणकाचं काम नाही. दुसरा, हा प्रश्न कुटुंबाला मिळून एकदा विचारायचा नसतो, तर प्रत्येक माणसासाठी वेगळा असतो. आजीची अहिराणी आणि नातवाची मराठी, दोन्ही एकाच घरातून नोंदवता येतात.