एक्कीचे हात

एकनाथ सोलकरच्या नावावर कसोटीत 1,068 धावा, एकच शतक आणि 18 बळी आहेत. एवढंच वाचलं तर हा खेळाडू 27 कसोट्या खेळला कसा, असं कुणालाही वाटेल. उत्तर पुढच्या रकान्यात आहे: 53 झेल, तेही यष्टिरक्षक नसताना. कोपरखैरण्यात मी शाळकरी पोरांना क्रिकेट शिकवतो. बॅटिंगला सगळ्यांची घाई, फिल्डिंग म्हटलं की पाय ओढतात. त्यांना मी एक्कीबद्दल, म्हणजे सोलकरबद्दल सांगतो.

वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाचे मुख्य माळी. कुटुंबाचा संसार तिथल्याच झोपडीत. लहानगा एकनाथ सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलायचा. हाच मुलगा 1965-66 मध्ये लंडनच्या शालेय संघाविरुद्ध भारतीय शाळकरी संघाचा कप्तान झाला. त्या संघात सुनील गावस्कर आणि मोहिंदर अमरनाथ होते!

त्याची जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग, फलंदाजाच्या पुढ्यात अवघ्या काही पावलांवर. हेल्मेटचा जमाना अजून यायचा होता. फिरकीला फलंदाज पाय पुढे टाकून बॅट आणि पॅड एकत्र आणतो. चेंडू बॅटची कड घेतो, पॅडवर आपटतो आणि जेमतेम हातभर उडून खाली येतो. तेवढ्या वेळात तिथे कुणी पोहोचलं तर बळी, नाहीतर नुसता एक चांगला चेंडू वाया. फटक्याची चाहूल लागताच मान फिरवून अंग चोरणं हे माणसाच्या स्वभावातच आहे. एक्की चेंडूवरची नजर काढत नसे. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या भारताच्या फिरकी गोलंदाजांच्या यशातला एक वाटा त्याचा आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

ऑगस्ट 1971, ओव्हल, इंग्लंडविरुद्धची कसोटी. पहिल्या डावात 90 धावा काढणारा अॅलन नॉट दुसऱ्या डावात खेळायला आला. तो टिकला असता तर सामना हातचा जाण्याची भीती होती. वेंकटचा चेंडू त्याने पुढे येऊन अडवला, आणि सोलकरने पुढे सूर मारून जमिनीलगत झेल घेतला. नॉट 1 धाव. चंद्राने 38 धावांत 6 बळी घेतले, इंग्लंड 101 वर आटोपलं आणि कप्तान वाडेकरच्या भारतीय संघाने 4 गडी राखून सामना व मालिका जिंकली. इंग्लंडमधला भारताचा हा पहिलाच कसोटी विजय.

पोरांना मी जपानच्या इचिरो सुझुकीचीही चित्रफीत दाखवतो. अमेरिकेत बेसबॉल खेळताना एप्रिल 2001 मध्ये त्याने राइट फील्डमधून थेट तिसऱ्या बेसवर चेंडू फेकून धावणाऱ्याला बाद केलं. फेक इतकी सपाट की वाटेत टप्पाच नाही. तिथे उत्तम क्षेत्ररक्षकाला दरवर्षी ‘गोल्ड ग्लोव्ह’ मिळतो. इचिरोला तो 2001 ते 2010 सलग दहा वर्षं मिळाला. त्या खेळात क्षेत्ररक्षणाची अशी स्वतंत्र कदर होते. एक्कीच्या हातात तर ग्लोव्हही नव्हता.

26 जून 2005 रोजी सोलकर यांचं मुंबईत निधन झालं. कोपरखैरणे-घणसोलीत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे: सामनावीर, उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज यांच्या जोडीला एक चषक उत्कृष्ट क्षेत्ररक्षकासाठी ठेवा, आणि त्याला एकनाथ सोलकर यांचं नाव द्या.